राउंडला न बोलणारी विद्यार्थिनी : एक प्रकरण अभ्यास

‘सहभाग : ५ पैकी २. अबोल. विषयात रस दिसत नाही.’

हे अक्षर माझं आहे. मेडिसिनचं पोस्टिंग, म्हणजे डॉक्टरकी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचं आमच्या वॉर्डातलं प्रशिक्षण, आठ आठवड्यांचं असतं आणि चौथ्या आठवड्याच्या शेवटी आम्ही प्रत्येक विद्यार्थ्याचा मधला आढावा घेतो. त्या फॉर्मवर मी एवढं लिहिलं आणि खाली सही केली. अर्धं मिनिटही लागलं नसेल. पुढे हा शेरा मला खोडावा लागला, पण सगळा नाही. त्यातलं काय खोडायचं आणि काय ठेवायचं, याचीच ही हकिगत. विद्यार्थिनीची आणि रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

दहा जणांची बॅच होती. राउंडला, म्हणजे सकाळी बेडवरून बेडवर जाऊन रुग्ण पाहताना, मी, दोन रेसिडेंट (पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर), एक इंटर्न, सिस्टर आणि हे दहा जण, म्हणजे एका बेडभोवती पंधरा माणसं. ज्यांनी वॉर्डात दिवस काढलेत त्यांना माहीत असेल, की आठवडाभरात प्रत्येकाची उभं राहायची जागा आपोआप ठरून जाते. या बॅचमधली दोन मुलं रुग्णाच्या उशाशी, फाइलपाशी असायची. ही मुलगी पायथ्याशी, तेही दोन उंच मुलांच्या मागे, लॉकरला टेकून. मी प्रश्न विचारला की तो पुरा व्हायच्या आत उशाकडून उत्तर यायचं. पायथ्याकडे मान खाली आणि अंगठा मोबाइलवर. रेसिडेंटने दुसऱ्याच आठवड्यात माझ्या कानावर घातलं होतं, ‘मॅडम, ती सारखी फोनवर असते.’ मी पडताळून पाहिलं नाही. पाहायची गरजच वाटली नाही.

आढाव्याच्या दिवशी मी शेरा तिला वाचून दाखवला. ‘हो मॅडम,’ एवढंच म्हणाली. वाद नाही, सफाई नाही, डोळ्यांत पाणी नाही. मी पुढच्याला हाक मारणारच होते, पण जाता जाता विचारलं, ‘राउंडला मोबाइलवर काय चालू असतं तुझं?’

तिने फोन काढून नोट्स उघडल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. रुग्णाचं नाव कुठेच नाही, फक्त बेड नंबर, तारीख आणि वेळ. चार आठवड्यांच्या नोंदी होत्या. ‘बेड ११ : सोडियमचा रिपोर्ट अजून नाही, दुपारी लॅबला विचारणे.’ त्याखाली दुपारची वेळ आणि आकडा. ‘बेड ३ : मॅडमनी विचारलेलं – डाव्या कुशीवर वळवून का ऐकायचं? मायट्रल झडप.’ बऱ्याच नोंदींची वेळ सकाळी साडेसातच्या आसपासची होती आणि आमचा राउंड साडेआठला सुरू होतो. म्हणजे ही मुलगी रोज तासभर आधी येऊन वॉर्डात फिरून जात होती आणि ते आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. सिस्टरला माहीत होतं, हे मला नंतर कळलं. सिस्टरला आम्ही कुणी विचारलंच नव्हतं.

मग बेड ६च्या नोंदीवर नजर गेली : ‘बुधवार, ७.४०. वजन आज केलेलं नाही – आजोबा म्हणाले. काल पण नाही. चार्टवर ६६.५. परवाचंच?’

ही नोंद तिसऱ्या आठवड्यातली होती. सहा नंबरचे आजोबा हृदयाची पंपिंगची ताकद कमी झाल्यामुळे पायाला सूज आणि धाप घेऊन आले होते. अशा रुग्णाला शरीरात साठलेलं पाणी लघवीवाटे काढणारं फ्युरोसेमाइड शिरेतून देतात आणि रोज सकाळी वजन करतात. एक लिटर पाणी म्हणजे साधारण एक किलो वजन, त्यामुळे पाणी उतरतंय की चढतंय हे काटा दुसऱ्या कुठल्याही तपासणीपेक्षा स्वस्तात सांगतो. रविवारी त्यांचं वजन ६९ होतं, सोमवारी ६६.५. धाप कमी झाली म्हणून इंजेक्शन थांबवून गोळ्या सुरू केल्या. मंगळवारी चार्टवर ६६.५, बुधवारी ६६.५, गुरुवारी ६६.५. गोळ्यांवर वजन स्थिर राहिलंय, तेव्हा शुक्रवारी घरी सोडू, असं मीच राउंडला म्हणाले. गुरुवारी रात्री आजोबा धापेने उठून बसले. काट्यावर उभं केलं तर ६८.४. गोळ्या पुरत नव्हत्या आणि मंगळवारपासून कुणी वजन केलंच नव्हतं. कामाच्या रेट्यात आदल्या दिवसाचा आकडा पुढे उतरवला जात होता. पुन्हा इंजेक्शन, आणखी चार दिवस मुक्काम. आजोबा बरे होऊन घरी गेले. पण बुधवारी सकाळी ७.४० वाजता त्या वॉर्डात एका माणसाला ही गोष्ट माहीत होती.

‘हे सांगितलं का नाहीस?’ मी विचारलं. माझा आवाज चढला असणार.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘वाटलं, तुम्हा सगळ्यांना माहीत असेल. आजोबांच्या लक्षात नसेल राहिलं, असंही वाटलं. बोलावं की नाही, हे ठरवेपर्यंत तुम्ही सात नंबरला गेलात.’

यातलं शेवटचं वाक्य मला लागलं. कुठला राउंड, किती वेगाने, हे मी कधी मोजलंच नव्हतं. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांमधली ध्वनिमुद्रणं ऐकून हे मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबतात, तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रश्न दुसऱ्याकडे जातो किंवा शिक्षकच उत्तर देऊन टाकतात. तोच थांबा तीन सेकंदांवर नेला, तर उत्तरं लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात. मी हे कधीतरी वाचलं होतं. ते शाळेपुरतं आहे असं समजून सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवशी इंटर्नला म्हणाले, माझ्या प्रश्नांवर गुपचूप घड्याळ लाव. त्याने संध्याकाळी संकोचत कागद दिला. चौदा प्रश्नांपैकी अकरांना मी दोन सेकंदही थांबले नव्हते. त्यातल्या चारांची उत्तरं मीच दिली होती.

इथवर वाचून कुणी म्हणेल, म्हणजे चूक शिक्षिकेची, मुलगी बिचारी गुणी. मला ते मान्य नाही. माझी चूक होती आणि ती मोठी होती : गप्प राहणं म्हणजे रस नसणं, असं मी परस्पर ठरवलं. पण तिचीही होती. पहाटे उठून, रुग्णाशी बोलून, नेमकी विसंगती पकडून तिने ती फोनमध्ये ठेवली. सहा नंबरच्या आजोबांना त्या नोंदीचा काडीचा उपयोग झाला नाही. लाजाळू असण्याबद्दल कुणी कुणाला गुण कापू नयेत, पण रुग्णाबद्दल कळलेली गोष्ट वर न पोचवणं हा स्वभावाचा प्रश्न उरत नाही. हे मी तिला त्याच दिवशी सांगितलं, याच शब्दांत.

वैद्यकीय शिक्षक लुई पँगारो यांनी १९९९ साली मांडलेली एक चौकट मला अशा वेळी उपयोगी पडते. विद्यार्थी आधी माहिती नीट आणून सांगणारा होतो, मग तिचा अर्थ लावणारा, मग उपचारांचं नियोजन करणारा आणि शेवटी इतरांना शिकवणारा. पहिल्या पायरीत दोन गोष्टी आहेत, आणणं आणि सांगणं. ही मुलगी आणण्यात बॅचमध्ये सगळ्यांत पुढे होती, सांगण्यात शून्य. उशाकडच्या दोघांचं उलटं होतं. त्यातल्या एकाने मागच्याच आठवड्यात नऊ नंबरची केस झोकात सादर केली होती, ‘पायांना सूज नाही’ असं ठणकावून. मी पांघरूण बाजूला केलं. पायमोज्याच्या इलॅस्टिकचा वळ नडगीवर खोल उमटला होता, अंगठ्याने दाबलं तर खड्डा पडला. त्याने पांघरूण उचललंच नव्हतं. त्याला मी सहभागाचे ४ दिले होते. दोन्ही फॉर्म शेजारी ठेवून पाहिले तेव्हा लक्षात आलं, की ‘सहभाग’ या रकान्यात मी चार आठवडे फक्त आवाज मोजत होते.

आणि ऐकणं ही काही दुय्यम गोष्ट नाही. जे. आर. हॅम्प्टन आणि सहकाऱ्यांनी १९७५ साली ८० नवे बाह्यरुग्ण पाहिले. त्यातल्या ६६ जणांत, रुग्णाला पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी आणि हिस्टरी, म्हणजे रुग्णाने सांगितलेली हकिगत, एवढ्यावरून केलेलं निदान शेवटपर्यंत टिकलं. १९८४ साली बेकमन आणि फ्रँकल यांनी डॉक्टर-रुग्णांच्या ७४ भेटी ऐकल्या, तर डॉक्टरने सरासरी १८ सेकंदांत रुग्णाला तोडलं होतं आणि आपलं पहिलं म्हणणं पुरं करता आलेले रुग्ण होते फक्त १७. आजोबांनी तिला वजनाचं सांगितलं, कारण ती त्यांच्यापाशी स्टुलावर बसली होती. आम्ही उभे होतो.

गप्प राहणारं प्रत्येक मूल असंच असतं, असं मात्र समजू नये. कुणाची झोप उडालेली असते, कुणाचं मन पोस्टिंगमधून खरोखरच उठलेलं असतं, कुणी नैराश्यात असतं, कुणाला इंग्रजीतून बोलताना शब्द सापडत नाहीत आणि स्वतःच्या भाषेत बोलायची लाज वाटते. म्हणून आधी विचारायचं. मी तिला झोप, जेवण, घर, अभ्यास सगळं विचारलं. तिथे काही गडबड नव्हती. ती लहानपणापासून अशीच होती, विचार पुरा झाल्याशिवाय तोंड न उघडणारी.

उरलेल्या चार आठवड्यांत आम्ही काय केलं, त्यातलं पहिलं सरळ फसलं. सोमवारी राउंडला मी कुठलीही पूर्वसूचना न देता म्हणाले, ‘आज चार नंबर तू सांग.’ हेतू चांगला होता. चौदा माणसं तिच्याकडे वळली. तिचा आवाज खाली जात जात इतका खाली गेला, की चार नंबरच्या बाई उशीवरून मान उचलून म्हणाल्या, ‘डॉक्टर, मलाच ऐकू येईना, माझंच चाललंय ना?’ सगळे हसले. तीही कसनुसं हसली. शांत माणसाला अचानक उजेडात ओढलं की तो आणखी आत जातो, हे मला कळायला हवं होतं.

दुसरं फसलं ते तिचं. तिने कुठेतरी ऐकलं होतं की प्रश्न विचारले की रस दिसतो. बुधवारी ती तीन प्रश्न पाठ करून आली आणि संधी मिळताच एकामागून एक विचारून टाकले. तिसऱ्याचा त्या रुग्णाशी काही संबंधच नव्हता. रेसिडेंटच्या कपाळावर आठी पडली, ती तिने पाहिली आणि पुढचे दोन दिवस पुन्हा मौन. तिला बोलावून सांगितलं, पाठ केलेला प्रश्न लगेच ओळखू येतो. प्रश्न एकच विचार, पण असा की जो या बेडवरचा माणूस नसता तर पडलाच नसता. केस सादर करण्याची ‘स्नॅप्स’ नावाची एक पद्धत आहे, २००३ साली वोलपॉ आणि सहकाऱ्यांनी मांडलेली. तिच्यात, आपल्याला काय कळलेलं नाही ते विद्यार्थ्याने स्वतःहून शिक्षकाला विचारायचं, ही एक ठरलेली पायरीच आहे. शांत मुलांना याचा मोठा आधार होतो. मध्ये घुसून विचारावं लागत नाही, विचारायची जागा आधीच राखून ठेवलेली असते.

चाललं ते अगदी साधं होतं. तिला दोन बेड नेमून दिले, सहा आणि सात. त्या बेडपाशी पहिली ती बोलणार, रोज, तीनच वाक्यं : रात्र कशी गेली, आज काय बदललं, माझ्या मते आज काय पाहायला हवं. राउंडच्या दहा मिनिटं आधी ती ती वाक्यं रेसिडेंटला एकदा ऐकवायची. रेसिडेंट पहिले दोन दिवस कुरकुरला. मग त्याच्या लक्षात आलं, की सहा-सातचे रिपोर्ट त्याला शोधावे लागत नाहीत, ते आयतेच हातात येतात. कुरकुर थांबली. पाळी ठरलेली असल्यामुळे तिला घुसावं लागत नव्हतं आणि आदल्या तासाभराची तिची मेहनत आता पंधरा जणांच्या कानांवर पडत होती.

मोबाइल खिशात गेला, त्याच्या जागी हाताच्या पंजाएवढी वही आली. नोंदी त्याच, पण वहीत लिहिणारा माणूस लिहिताना दिसतो आणि फोनमध्ये लिहिणारा चॅट करताना. हा अन्याय आहे हे मला मान्य आहे. त्यावर भांडण्यापेक्षा वही स्वस्त पडते, शिवाय रुग्णांची माहिती खासगी फोनवर नसलेली बरी. उभं राहायची जागाही बदलली. स्वतःच्या बेडला ती उशाशी, उजव्या बाजूला, जिथून तपासायचं तिथे. बाकीच्या बेडना पायथ्याशी राहिली तरी चालेल, पण लॉकरला टेकायचं नाही आणि बोलणाऱ्याकडे बघायचं. हे तिला सांगताना मला थोडं ओशाळल्यासारखं झालं, नाटकाची तालीम घेतल्यासारखं. तिला तसं वाटलं नाही. ती म्हणाली, ‘हे कुणी आधी सांगितलंच नाही मॅडम. आतून लक्ष असलं की झालं, असं वाटायचं.’

राउंड संपल्यावरचा वेळ तिच्या सोयीचा होता, कारण तिथे गर्दी नसते. ‘मी लॅबला फोन करू का?’, ‘सोनोग्राफीला सोबत जाऊ का?’, ‘काल तुम्ही विचारलेलं वाचून आले, दोन मिनिटं आहेत का?’ ही वाक्यं ती एकेकट्या माणसाशी सहज बोलू शकायची. रेसिडेंटचं मत बदललं ते राउंडमधल्या तीन वाक्यांनी कमी आणि या दुपारच्या वाक्यांनी जास्त, असं मला वाटतं.

आणि एक वाक्य मी तिच्याकडून अक्षरशः घोकून घेतलं : ‘मला खात्री नाही, पण हे एकदा पाहता का?’ रुग्णाच्या जिवाशी संबंध असेल तर पाळी, बेड, कोण काय म्हणेल, काही बघायचं नाही. राउंडमध्ये जमलं नाही तर राउंड संपल्याबरोबर सिस्टरला किंवा रेसिडेंटला. पण तासाच्या आत.

ते वाक्य तिने पहिल्यांदा वापरलं सातव्या आठवड्यात, अकरा नंबरपाशी, जो तिचा बेड नव्हता. मी पुढच्या बेडकडे वळले होते. मागून आवाज आला, ‘मॅडम, मला खात्री नाही, पण काल पोटॅशियम जास्त होतं, आज परत पाठवलंय का?’ रेसिडेंट म्हणाला, ‘सहा वाजताच गेलंय, रिपोर्ट आलाय, नॉर्मल आहे.’ ती ‘ओके सर’ म्हणाली आणि आम्ही बारा नंबरला गेलो. तिचं काही बरोबर निघालं नाही, कुणी शाबासकी दिली नाही, कुणी हसलंही नाही. पोस्टिंगच्या उरलेल्या दिवसांत तिने ते वाक्य आणखी पाच वेळा वापरलं. त्यातल्या दोन वेळा खरंच काहीतरी राहून गेलेलं होतं. माझा अंदाज असा, की पहिल्याच वेळी तिचं बरोबर निघालं असतं, तर पुढच्या वेळीही बरोबरच निघालं पाहिजे या भीतीने ती पुन्हा गप्प झाली असती.

मी माझ्यापुरतं एवढं केलं : प्रश्न विचारला की मनात तीन मोजते. उशाकडच्या दोघांना सांगून ठेवलं, ज्याचा बेड त्याने आधी, तुम्ही नंतर. त्यांना ते पहिले काही दिवस जड गेलं. सूज न पाहणाऱ्याने आता पांघरूण उचलायला सुरुवात केली, कारण घाईने बोलून जागा पटकावण्याचा फायदा संपला होता. फॉर्मवरचा सहभागाचा रकाना मात्र आहे तसाच आहे. तो बदलण्यासाठी विभागात मी टिपण दिलंय, त्यावर अजून चर्चा झालेली नाही. तोवर मी गुण देण्याआधी सिस्टरला विचारते.

शेवटच्या मूल्यमापनात तिला सहभागाचे ३ दिले. ती फॉर्म घेऊन खोलीत आली, दार लोटलं आणि म्हणाली, ‘मॅडम, तीन का? चार का नाहीत?’ मी सांगितलं : तुझ्या बेडवर तू चारची आहेस, दुसऱ्यांच्या बेडवर दोनची, म्हणून तीन. तिने वहीत लिहून घेतलं.

पुढचं पोस्टिंग सर्जरीचं होतं. तिथे पहिल्याच दिवशी तिने रेसिडेंटकडे स्वतःहून दोन बेड मागून घेतले, असं कळलं. चार आठवड्यांनी तिथल्या आढाव्याचा फॉर्म मला पाहायला मिळाला. ‘शांत. ड्रेसिंगला रोज वेळेवर हजर. विचारलं तर नीट सांगते.’ सहभाग : ५ पैकी २.